भावपत्रकातला एकच रकाना कसा सजवावा?

कापडाचे भावपत्रक छापून टपालाने पाठवण्याचे दिवस आता मागे पडले. आपल्या बाजारातील कितीतरी लहान-मोठ्या पेढ्यांनी स्वतःची वेबसाइट केली आहे आणि तिच्यात एक पान भावाचे असते. मालाचे नाव, काउंट, पन्ना, ताक्यातील मीटर, भाव, असे पाच-सहा रकान्यांचे कोष्टक. पान बनवणारा मुलगा बहुधा घरातलाच असतो. भाचा, पुतण्या, नाहीतर मोहल्ल्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलेला कुणीतरी. तो पान तयार करून दाखवतो, आपण चष्मा वर करून पाहतो आणि "ठीक आहे" म्हणतो. या "ठीक आहे"ची किंमत मला एकदा पाच हजार अडीचशे रुपये पडली.

झाले असे. माझ्या भावपत्रकात पन्ना आणि भाव हे दोन रकाने शेजारी-शेजारी होते. पन्ना इंचांत: ४४, ४८, ५८, ६३. भाव मीटरला रुपयांत: ४६.५०, ५२, ६१.५०. दोन्हींचे आकडे सारख्याच आकाराचे, सारख्याच रंगाचे, दोन्ही डावीकडे चिकटलेले. एका जुन्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर पान पाहिले. पान खाली सरकल्यामुळे रकान्यांचे मथळे वर निघून गेले होते. त्याने ५८ पन्न्याच्या मालाची तीन हजार मीटरची ऑर्डर लिहून पाठवली. माल गेला, बिल गेले ६१.५० ने. आठव्या दिवशी फोन आला, "शेठ, तुमच्याच पानावर अठ्ठावन्न लिहिलंय, मी फोटो काढून ठेवलाय." फोटोत अठ्ठावन्न होतेच, फक्त ते पन्न्याचे होते. मीटरमागे साडेतीन रुपयांप्रमाणे दहा हजार पाचशेचा फरक. तो खोटे बोलत नव्हता आणि मीही नव्हतो. शेवटी निम्मे त्याने सोसले, निम्मे मी.

त्याच दिवशी भाच्याला बसवून सांगितले की भावाचा रकाना पिवळा कर, आकडे ठळक कर आणि उजव्या कडेला लाव. संध्याकाळी तो म्हणाला, "मामू, पिवळा झाला, पण आकडे ठळकही होत नाहीत आणि सरकतही नाहीत. कोड तर बरोबर आहे." कोड खरोखरच बरोबर होता. रंग लागतो, पण ठळकपणा लागत नाही, हा प्रकार ज्यांनी ज्यांनी असे कोष्टक केले त्या सर्वांच्या वाट्याला येतो. त्यामागचे कारण समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. माझ्यासारख्या कापडवाल्याला तर ते लगेच समजते, म्हणून ते कापडाच्याच भाषेत सांगतो.

मागावर कापड विणताना उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात, म्हणजे ताणा आणि बाणा. साडीचा काठ रंगीत पाहिजे असेल तर बीम भरतानाच काठाच्या जागी रंगीत ताणा घेतात. मग बाणा कितीही फिरवा, काठ आपल्या जागी रंगीत येत राहतो. वेबपानावरचे कोष्टक पाहिले की आपल्याला वाटते, यातही ओळी म्हणजे बाणा आणि रकाने म्हणजे ताणा. तसे नाही. हे कोष्टक केवळ बाण्यावर उभे आहे. एचटीएमएलमध्ये सर्वांत बाहेर टेबल असते, टेबलाच्या आत ओळी म्हणजे टीआर, आणि प्रत्येक ओळीच्या आत खाने म्हणजे टीडी. मथळ्याचा खाना असेल तर टीएच. खाना ओळीच्या पोटात आहे. रकान्याच्या पोटात काहीच नाही. पहिल्या ओळीचा चौथा खाना, दुसऱ्या ओळीचा चौथा खाना, तिसऱ्या ओळीचा चौथा खाना एकाखाली एक आले म्हणून आपल्या डोळ्यांना रकाना दिसतो. ताणा तिथे नाहीच, तो फक्त नजरेला भासतो.

(हे टीआर, टीडी वगैरे शब्द इथे नागरीत छापले आहेत. संगणकात ते इंग्रजी लिपीत, टोकदार कंसांत टंकावे लागतात, हे मुलांना सांगायला नको. आकडेही तिथे इंग्रजीच.)

आता सीएसएसचा, म्हणजे सजावटीच्या भाषेचा, वारशाचा कायदा पाहा. अक्षरांचा रंग, ठळकपणा, डावी-उजवी मांडणी हे गुण आईबापाकडून लेकराकडे उतरतात. टेबलाला अक्षरांचा रंग दिला तर तो ओळींना मिळतो, ओळींकडून खान्यांना मिळतो. रकाना मात्र खान्याचा बाप नाही, त्यामुळे रकान्याला दिलेला ठळकपणा खान्यात उतरायला वाटच नाही. शेजारच्या घरातल्या माणसाने मृत्युपत्र केले म्हणून आपल्याला वाटा मिळत नाही, तसेच हे.

मग पिवळा रंग कसा लागला? एचटीएमएलमध्ये कोल नावाची एक खूण आहे. टेबल सुरू झाल्याबरोबर, ओळी सुरू होण्याच्या आधी, जितके रकाने तितक्या कोल लिहाव्यात. पहिली कोल पहिल्या रकान्याची, दुसरी दुसऱ्याची. एकाच कोलने दोन-तीन रकाने धरायचे असतील तर तिच्यात स्पॅन लिहून आकडा द्यावा. काही कोल एकत्र बांधायच्या असतील तर त्यांना कोलग्रुपमध्ये घालावे. कोलच्या आत मजकूर नसतो, ती केवळ खूण आहे. या खुणेला सीएसएसने फक्त चार गुण बहाल केले आहेत: पार्श्वभूमीचा रंग, रुंदी, कड आणि दिसणे-न दिसणे. हे चारही गुण वारशाने उतरावे लागत नाहीत. रंग खान्याच्या मागे थर म्हणून रंगवला जातो, रुंदी कोष्टकाची आखणी करताना विचारात घेतली जाते, कड शेजाऱ्यांच्या कडांशी तडजोड करून ठरते, आणि लपवायचा रकाना आखणीतून वगळला जातो. बाकी काहीही कोलवर लिहा, ते निमूटपणे दुर्लक्षिले जाते. चूक म्हणून दाखवतही नाहीत. भाच्याची अर्धी संध्याकाळ त्यातच गेली.

हा गोंधळ असाच माजला नाही, त्याला थोडा इतिहास आहे. नेटस्केप १.१ या ब्राउझरने १९९५ साली कोष्टके लोकप्रिय केली. १९९६ च्या मे महिन्यात कोष्टकांचा जो मसुदा प्रसिद्ध झाला त्यात कोल आणि कोलग्रुप होते. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये कोलला अलाइन लिहिण्याची मुभा होती, म्हणजे कोलवरूनच रकान्याची डावी-उजवी मांडणी ठरवता यावी असे अपेक्षित होते. पुढे मे १९९८ च्या सीएसएस २ ने रकान्यांसाठी वर सांगितलेले चारच गुण ठेवले. एका कागदावर एक नियम, दुसऱ्यावर दुसरा! जुन्या इंटरनेट एक्सप्लोररने पहिले मानले, मोझिलाच्या घराण्याने मानले नाही. त्यामुळे एका सायबर कॅफेत नीट दिसणारे पान दुसऱ्या कॅफेत वेडेवाकडे दिसे. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने कोलवरचे अलाइन कालबाह्य ठरवून वाद मिटवला. आजही कुणी जुने पुस्तक उघडून कोलला अलाइन लिहीत असेल तर ते पुस्तक रद्दीत द्यावे.

कोलच्या रंगातही एक खोच आहे. माझ्या भाच्याने एकाआड एक ओळ फिकट राखाडी केली होती, ती पाहायला बरी वाटते. पण पिवळा रकाना त्या राखाडी ओळींत तुटक-तुटक दिसू लागला. कारण रंगांचे सहा थर एकावर एक असतात. सर्वांत खाली टेबल, त्यावर रकान्यांचे गट, त्यावर रकाना, त्यावर ओळींचे गट, त्यावर ओळ आणि सर्वांत वर खाना. ओळीला रंग दिला की तो खालच्या रकान्याचा रंग झाकतो. अस्तरावर जाड कापड घातल्यावर अस्तर दिसेल कसे? ओळीचा रंग झिरझिरीत, म्हणजे अर्धपारदर्शक ठेवावा, किंवा पिवळा रंग रकान्याला न देता थेट खान्यांना द्यावा. खाना सर्वांत वर असल्यामुळे त्याचा रंग कुणी झाकू शकत नाही. कडेचेही असेच. कोलला दिलेली कड तेव्हाच उमटते, जेव्हा टेबलाला बॉर्डर-कोलॅप्स : कोलॅप्स सांगितलेले असते, म्हणजे शेजारच्या खान्यांच्या कडा एकत्र शिवलेल्या असतात. कडा सुट्या असतील तर कोलची कड दिसतच नाही.

तर मग भाव ठळक कसा करावा आणि उजवीकडे कसा न्यावा? ताणा नाहीच, तर प्रत्येक ओळीत जाऊन नेमका तो खाना पकडला पाहिजे. पूर्वी त्यासाठी प्रत्येक खान्याला हाताने क्लास म्हणजे एक नाव द्यावे लागे. शंभर ओळींचे भावपत्रक असेल तर शंभर वेळा. एक सुटला की तो बेंगरूळ दिसणारच. आता खाना मोजून पकडता येतो. यासाठीचा शब्द एनटीएच-चाइल्ड. टीडी:एनटीएच-चाइल्ड(५) असे लिहिले की प्रत्येक ओळीतला पाचवा खाना हाती येतो, आणि त्याला ठळक करा, उजवीकडे न्या, अक्षर मोठे करा, काहीही करा. रकान्याला चार गुणांची अट आहे, खान्याला ती नाही. मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून नाही. एन+२ लिहिले तर दुसऱ्यापासून पुढचे सगळे खाने मिळतात. पहिला रकाना नावांचा आणि पुढचे सगळे आकड्यांचे असतील तेव्हा हे फार सोयीचे. इंटरनेट एक्सप्लोररला हा शब्द २०११ साली नवव्या आवृत्तीपासून कळू लागला. तो ब्राउझर २०२२ मध्ये बंदच झाला, त्यामुळे आता काळजी नाही.

मोजणीत मात्र दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली गोष्ट टीएचची. चांगले कोष्टक करणारा प्रत्येक ओळीचा पहिला खाना, म्हणजे मालाचे नाव, टीएच म्हणून लिहितो. हे योग्यच आहे. पण मग टीडी:एनटीएच-चाइल्ड(१) लिहिले तर काहीच हाती लागत नाही. कारण पहिल्या जागी टीडी नाही, टीएच बसला आहे. एनटीएच-चाइल्ड सगळ्या भावंडांना मोजतो आणि मग विचारतो की त्या जागी बसलेला टीडी आहे का. एनटीएच-ऑफ-टाइप हा दुसरा शब्द फक्त टीडी-टीडी मोजतो. दोन्हींची गल्लत केली तर रकाना एकाने सरकतो आणि भावाऐवजी मीटर ठळक होतात. गिऱ्हाइकाची फसगत आणखी वाढते.

दुसरी गोष्ट जोडलेल्या खान्यांची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपल्या भावपत्रकात मध्येच एखादी ओळ अशी असते की "मलमल, एकूण" हा खाना चार रकान्यांवर पसरलेला असतो आणि त्यानंतर एकच आकडा येतो. पसरवण्यासाठी कोलस्पॅन वापरतात. डोळ्यांना तो आकडा पाचव्या रकान्यात दिसतो, पण मोजणाऱ्याला तो त्या ओळीतला दुसरा खाना आहे! पाचवा तिथे नाहीच. तसेच रोस्पॅनचे. "पॉपलीन" हे नाव एकदाच लिहून ते खालच्या तीन प्रकारांच्या ओळींवर उभे पसरवले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत एक खाना कमी भरतो आणि तिथला भाव पाचवा नसून चौथा ठरतो. एकाच रकान्यात काही आकडे ठळक, काही फिके, आणि ठळक झालेल्यांत एखादा भलताच, असे चित्र दिसले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असते.

यावर मला सापडलेला सर्वांत सोपा तोडगा म्हणजे भाव नेहमी शेवटच्या रकान्यात ठेवावा आणि मोजणी शेवटाकडून करावी. त्यासाठी लास्ट-चाइल्ड हा शब्द आहे. शेवटून दुसरा हवा असेल तर एनटीएच-लास्ट-चाइल्ड(२). समोरून कितीही खाने जोडले, कितीही नवे रकाने मध्ये घुसवले, तरी शेवटचा तो शेवटचाच. आमच्याकडे मागल्या वर्षी एचएसएन कोडचा रकाना मध्ये घालावा लागला. समोरून मोजलेले सगळे नियम बिघडले, शेवटून मोजलेला एकही बिघडला नाही. भाव शेवटी ठेवण्याचा दुसरा फायदा असा की पन्ना आणि भाव आपोआप दूर झाले. मध्ये आता ताक्याचे मीटर आहेत, आणि ते शंभराच्या घरात असल्यामुळे भाव म्हणून कुणी वाचत नाही.

सीएसएसच्या नव्या मसुद्यात खऱ्या रकान्यावरून खाना ओळखण्याची एक खूण, दोन उभ्या रेघांची, सुचवलेली आहे. तिच्यात जोडलेले खानेही हिशेबात धरले जातील. ती मसुद्यात येऊन बरीच वर्षे झाली, पण ब्राउझरांत चालत नाही. तिच्या भरवशावर पान बनवू नये.

आता आकडे उजवीकडे का, हे पाहू. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. आमची वही उजवीकडून उघडायची, ओळ उजवीकडून डावीकडे जायची. पण बेरीज मांडताना इकाईखाली इकाई, दहाईखाली दहाई, आणि इकाई उजव्या टोकालाच. शेजारच्या मराठी शाळेतली मुले एककाखाली एकक मांडत, तेही उजव्याच टोकाला. लिपीची दिशा उलटी, पण आकड्याची दिशा एकच. भावपत्रकात हाच नियम पाळावा. मोजमापाचे आकडे उजव्या कडेला, नावे मजकुराच्या सुरुवातीला. आकडे डावीकडे लावले तर ९५ आणि १२५० यांचे पहिले अंक एकाखाली एक येतात आणि घाईत पाहणाऱ्याला १२५० हा १२५ वाटू शकतो. उजवीकडे लावले की मोठी रक्कम डावीकडे बाहेर येते, डोळ्यांत भरते.

मात्र प्रत्येक आकडा हा मोजमापाचा नसतो. एचएसएन कोड ५२०८ हा आकडा दिसतो, पण ते सुती कापडाच्या एका वर्गाचे नाव आहे. त्याची बेरीज कुणी करत नाही. तो नावांसारखाच डावीकडे ठेवावा, आणि शक्यतो फिका. ताका क्रमांकाचेही तसेच.

उजवीकडे लावूनही एक अडचण राहते. ५२ आणि ६१.५० एकाखाली एक आले की ५२ चा एकक ६१.५० च्या शून्याखाली येतो. एचटीएमएल ४ मध्ये दशांश चिन्हावर आकडे जुळवण्याची तरतूद होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही, आणि आता तर ती नियमांतूनच गेली. म्हणून सरळ ५२.०० लिहावे. सर्व भाव दोन दशांशांपर्यंत लिहिले की जुळणी आपोआप होते. काही फाँटांत १ हा अंक बारीक आणि ८ रुंद असतो, त्यामुळेही रांग हलते. त्यावर फाँट-व्हेरिअंट-न्यूमेरिक : टॅब्युलर-नम्स असे लिहिले तर, फाँटात सोय असल्यास, सगळे अंक एकाच रुंदीचे होतात. रुपयाची खूण प्रत्येक खान्यात न घालता मथळ्यात एकदाच घालावी, "भाव, रुपये प्रति मीटर" अशी. आकड्यांच्या खान्याला व्हाइट-स्पेस : नोरॅप द्यावे, म्हणजे अरुंद पडद्यावर रक्कम दोन ओळींत तुटत नाही.

ज्यांची गिऱ्हाइके उर्दू वाचणारी आहेत आणि ज्यांनी पानाची उर्दू आवृत्ती केली आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाला डीआयआर म्हणजे दिशा आरटीएल दिली की संपूर्ण कोष्टक आरशातल्यासारखे उलटते. पहिला रकाना उजव्या टोकाला जातो, भाव डाव्या टोकाला येतो. मोजणी मात्र लिहिलेल्या क्रमानेच चालते. लास्ट-चाइल्ड अजूनही भावच पकडतो, फक्त तो आता डावीकडे दिसतो. त्यामुळे मराठी आणि उर्दू दोन्ही पानांना सजावटीची एकच फाइल पुरते. नावांच्या रकान्याला टेक्स्ट-अलाइन : स्टार्ट लिहावे, म्हणजे मराठीत ते डावीकडे आणि उर्दूत उजवीकडे आपोआप लागते. पण आकड्यांना मोहात पडून एंड लिहू नये! एंड लिहिले तर उर्दू पानावर आकडे डाव्या कडेला चिकटतात आणि इकाईखाली इकाई राहत नाही. आकड्यांना दोन्हीकडे राइटच. आमच्या भाच्याने एंड लिहून ठेवले होते, आणि ते माझ्याच नजरेस आले, त्याच्या नाही. वहीत बेरजा घातल्याचा हा फायदा.

रुंदीबद्दल थोडक्यात. कोलला दिलेली रुंदी साध्या कोष्टकात ब्राउझर सूचना म्हणून घेतो आणि खान्यातला मजकूर पाहून कमी-जास्त करतो. दिलेल्या रुंदीप्रमाणेच चालावे असे वाटत असेल तर टेबलाला टेबल-लेआउट : फिक्स्ड आणि एकूण रुंदी दोन्ही द्यावीत. भावपत्रक रोज बदलत असेल तर हे बरे, कारण मग एखाद्या लांब नावामुळे भावाचा रकाना रोज इकडे-तिकडे सरकत नाही.

मोबाइलवर मथळे वर निघून जातात, आणि माझ्या सौद्यात घोटाळा तिथेच झाला. यावर उपाय म्हणून मथळ्याच्या टीएच खान्यांना पोझिशन : स्टिकी आणि टॉप : ० दिले की पान खाली सरकले तरी मथळे पडद्याच्या वरच्या कडेला थांबतात. मालाच्या नावाचा पहिला रकाना असाच डाव्या कडेला थांबवता येतो, पहिल्या खान्याला लेफ्ट : ० देऊन. उर्दू पानावर तिथे राइट : ० लिहावे. थांबलेल्या खान्याला स्वतःची पार्श्वभूमी दिलीच पाहिजे, नाहीतर खालून सरकणारे आकडे त्याच्यातून दिसतात आणि दोन आकडे एकमेकांवर चढून तिसराच वाचला जातो.

फक्त रंगावर विसंबू नये, असे माझे मत झाले आहे. पान छापताना ब्राउझर बहुधा पार्श्वभूमीचे रंग सोडून देतो, त्यामुळे कागदावर पिवळा रकाना पांढराच येतो. काही लोकांना रंगांतला फरक कळत नाही. आणि ज्यांना दिसत नाही, जे संगणकाकडून पान वाचून घेतात, त्यांना पिवळा रंग ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी मथळ्याच्या टीएचमध्ये स्कोप : कोल लिहिलेले असावे, म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम आकड्याबरोबर "भाव" हा मथळाही उच्चारू शकतो. भावाच्या रकान्याला ठळक अक्षर आणि एका बाजूला जाड कड, हे दोन्ही रंगासोबत ठेवले की कागदावरही भाव वेगळा दिसतो.

भावपत्रक मेलमधून पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. काही मेल प्रोग्रॅम पानाच्या डोक्यावर लिहिलेले सजावटीचे नियम काढून टाकतात. तिथे मोजून पकडण्याची ही सारी हिकमत वाया जाते. मेलसाठी प्रत्येक खान्यातच त्याची सजावट लिहिलेली बरी. हाताने ते जिकिरीचे आहे, पण कोष्टक हिशेबाच्या प्रोग्रॅममधून निघत असेल तर प्रोग्रॅमला काय कंटाळा!

आता शेवटचा मुद्दा, रकाना लपवण्याचा. याने माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे माझ्यापेक्षा मोठे नुकसान झाले. त्याच्या मूळ कोष्टकात खरेदीचा भाव आणि दलाली हेही दोन रकाने होते. गिऱ्हाइकांच्या पानावर ते दिसू नयेत म्हणून मुलाने त्या खान्यांना डिस्प्ले : नन लिहिले. पडद्यावरून रकाने गेले, सर्वजण खूश. कोलवर व्हिजिबिलिटी : कोलॅप्स लिहूनही रकाना मिटवता येतो, जरी सगळे ब्राउझर ते एकसारखे पाळत आलेले नाहीत. पण दोन्हींत आकडे पानातून जात नाहीत, फक्त डोळ्यांआड होतात. कोणत्याही ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय असते. एका गिऱ्हाइकाच्या मुलाने ती वापरली, आणि पुढच्या सौद्यात त्या व्यापाऱ्याची खरेदी किती आणि दलाली किती हे त्याच्यासमोर कागदावर लिहून ठेवण्यात आले. दुकानात गल्ल्यावर रुमाल टाकल्याने गल्ला रिकामा होत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही तो रकाना पानात लिहूच नये. दोन वेगळी कोष्टके ठेवावीत, एक पेढीचे आणि एक बाजाराचे, आणि बाजाराचे पान चढवण्यापूर्वी घरच्या मुलाला समोर बसवून त्याचा मूळ मजकूर उघडायला लावावा व त्यात स्वतःचा खरेदीचा भाव शोधून पाहावा.